नळीतून बोलणारी गिटार

गेले तीन महिने आमच्या घरातून संध्याकाळी सातनंतर एक विचित्र आवाज येतो. परवा शेजारच्या आजींनी बायकोला विचारलंच, "मिक्सर बिघडलाय का गं?" मिक्सर ठणठणीत आहे. मी टॉक बॉक्स शिकतोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ॲम्प्लिफायरमधून येणारा गिटारचा आवाज नेहमीच्या स्पीकरला न देता एका बंद डबीतल्या युनिटला द्यायचा. डबीला एकच भोक आणि त्यात प्लॅस्टिकची नळी. नळीचं दुसरं टोक तोंडात धरायचं. आता तार छेडली की आवाज थेट आपल्या तोंडात! गळ्यातून चकार शब्द काढायचा नाही, नुसते ओठ आणि जीभ हलवायची. समोरच्या माइकमधून गिटार बोलायला लागते. माझी डबी घरगुतीच आहे. मंडपवाल्याकडून आणलेलं भोंग्याचं जुनं युनिट आणि गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी. दात झिणझिणतात, लाळ गळते. असो.

शिकता शिकता याचा इतिहास चाळला आणि त्यातच अडकलो.

सुरुवात होते १९३९ साली, अमेरिकेत. आल्विनो रे नावाचा स्टील गिटार वाजवणारा बँडवाला होता. वैमानिक त्या काळी गळ्याला लावायचे तसला माइक त्याने उलटा जोडला, म्हणजे आवाज घेण्याऐवजी आवाज देणारा. तो लावला बायकोच्या, लुईस किंगच्या गळ्याला. ती पडद्यामागे उभी राहून नुसते ओठ हलवायची आणि लोकांना वाटायचं, गिटारच बोलतेय! बाई गाणारी, किंग सिस्टर्सपैकी एक. पण इथे तिचा गळा गप्प आणि शब्द तेवढे तिचे. त्याच सुमारास गिल्बर्ट राइटचा सोनोव्हॉक्स आला. गळ्याच्या दोन बाजूंना दोन छोटे स्पीकर टेकवायचे आणि तोंडाने शब्द घडवायचे. डिस्नेच्या 'डंबो'मधली (१९४१) बोलणारी आगगाडी ती हीच.

गळ्यावरून नळीवर यायला बराच काळ गेला. १९६४ साली नॅशव्हिलच्या पीट ड्रेकने तोंडात नळी धरून पेडल स्टील गिटारला 'फॉरेव्हर' म्हणायला लावलं आणि ते गाणं अमेरिकेत चांगलंच गाजलं. पण त्याच्या यंत्राचा आवाज फार बारीक होता, स्टुडिओपुरता. १९७० साली जॉर्ज हॅरिसनच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास'च्या रेकॉर्डिंगसाठी ड्रेक लंडनला आला, तेव्हा तिथे वीस वर्षांचा पीटर फ्रॅम्प्टन गिटार वाजवायला आलेला होता. लहानपणी रेडिओ लक्झेंबर्गवर ऐकलेला तो गूढ आवाज कसा निघतो, हे त्याला त्या दिवशी समोर दिसलं.

स्टेजवर चालेल असं दणकट यंत्र १९७३ साली बॉब हाइलने जो वॉल्शसाठी बनवलं. वॉल्शचं 'रॉकी माउंटन वे' त्याच वर्षीचं. पुढच्या नाताळात हाइलने तसलंच एक यंत्र फ्रॅम्प्टनला भेट दिलं आणि १९७६च्या 'फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह'मुळे ते जगभर पोचलं. इकडे स्टीव्ही वंडरने १९७२ सालीच टीव्हीवर कीबोर्डला नळी लावून दाखवली होती. रॉजर ट्राउटमनने तर पुढे त्यावरच कारकीर्द उभी केली. १९९५चं 'कॅलिफोर्निया लव्ह' आठवा, त्यातला तो यंत्रासारखा गाणारा माणूस म्हणजे ट्राउटमन.

पण हे सगळं वाचताना एका जागी मी थबकलो. या यंत्राचे खरे पूर्वज गाण्यातले नाहीतच. १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजने स्वरयंत्र काढून टाकलेल्या रुग्णांसाठी एक साधन केलं होतं. त्यात श्वासाच्या जोरावर एक पातळ पट्टी थरथरायची आणि तो आवाज नळीने तोंडात सोडायचा. म्हणजे टॉक बॉक्सच की! पुढे विजेवरची यंत्रं आली, काही नळीची, तर काही सोनोव्हॉक्ससारखी गळ्यावर टेकवायची.

घरच्या वाचकांच्या आता लक्षात आलं असेल. सांगलीचे काका.

१९८९ साली त्यांचं घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. एरवी गल्लीच्या या टोकावरून हाक मारली की त्या टोकाची पोरं घरी पळायची, असा माणूस! मग अमेरिकेतल्या आतेभावाने ते दाढीच्या मशीनसारखं यंत्र पाठवलं. गळ्यावर टेकवून काका बोलायचे. मला ते 'पिंट्या' म्हणायचे, ते 'बिंड्या' ऐकू यायचं. आम्ही पोरं तोंड दाबून हसायचो. त्यांचा एसटीडी आला की मी 'हां काका' म्हणून फोन आईकडे द्यायचो. एकदाही नीट बोललो नाही.

'बिंड्या' का, ते मला आत्ता, नळी तोंडात धरल्यावर कळलं. स्वर पहिल्या दिवशी जमले. आ, ई, ऊ म्हणजे नुसते तोंडाचे आकार. अडतं ते व्यंजनांपाशी. शाळेत कठोर आणि मृदू व्यंजनं पाठ केली होती, आठवतंय? 'प'ला ओठ मिटतात आणि क्षणभर गळाही थांबतो. 'ब'ला गळा गुणगुणत राहतो. पण गिटारचा आवाज काही आपणहून थांबत नाही. म्हणून 'प'चा होतो 'ब', 'ट'चा 'ड', 'क'चा 'ग'. उपाय एकच, नेमक्या त्या क्षणी तार हाताने दाबून गप्प करायची आणि लगेच सोडायची. तीन महिन्यांत मला हे दहातून एकदा जमतं.

हे करत असताना परवा एकदम आठवलं. बोलताना काकांचा अंगठा यंत्राच्या बटणावर सारखा दाबायचा, उचलायचा, दाबायचा. आम्हाला वाटायचं बटण सैल झालंय. आमच्यापैकी एकजण त्याची नक्कलसुद्धा करायचा (तो एकजण मीच).

बटण सैल नव्हतं. काका 'प' म्हणायचा प्रयत्न करत होते.

काका जाऊन वीस वर्षं झाली. ते यंत्र काकूंच्या कपाटात अजून आहे म्हणतात. पुढच्या महिन्यात सांगलीला जाणार आहे, तेव्हा काकूंकडे मागून बघणार आहे. तोवर रोज सातला सराव चालू आहे. आजींना सांगितलंय, मिक्सर नाही हो, 'पिंट्या' म्हणायला शिकतोय.