बोले ठरावातील दवाखाना

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या पाणवठ्यांवर, विहिरींवर आणि धर्मशाळांत अस्पृश्यांना मज्जाव असू नये, असे त्या ठरावाने सांगितले. त्याच यादीत पुढे शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचाही उल्लेख होता. १९२७ साली महाडचे चवदार तळे याच ठरावाच्या आधारे पेटले. पाण्याचा लढा अग्रस्थानी आला तो योग्यच होता. परंतु यादीच्या शेवटी असलेला 'दवाखाना' मात्र आपल्या चळवळीच्या इतिहासलेखनात उपेक्षित राहिला. आज मराठवाड्यातील शासकीय रुग्णालयांची अवस्था पाहता त्या विस्मृत शब्दाकडे पुन्हा वळणे अगत्याचे झाले आहे.

दवाखान्याचा त्या यादीत समावेश करावा लागला, कारण रोगालाही जात चिकटवली गेली होती. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येण्यास राजी नव्हता, आणि रुग्ण वस्तीबाहेर आणल्यावरही त्याने तिला स्पर्श केला नाही. तापमापक त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याकडे दिला, नवऱ्याने पत्नीला लावला आणि त्याच वाटेने तो डॉक्टरकडे परत गेला. ती स्त्री वाचली नाही. याच्या उलट उदाहरण सावित्रीबाई फुले यांचे. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या वस्तीतील आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात नेले आणि त्याच साथीत १० मार्चला देह ठेवला. वैद्यकातील अस्पृश्यता आणि तिला दिलेले उत्तर, दोन्ही आपल्या इतिहासात शेजारी शेजारी उभी आहेत.

बोले ठराव मुंबई इलाख्यापुरता होता. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९३४ साली बाबासाहेब वेरूळला जाण्यासाठी सहकाऱ्यांसह या भागात आले. दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना अपमान सोसावा लागला. त्याच परिसरात १९५० साली त्यांनी महाविद्यालय उभे केले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने रुग्णालयात वा दवाखान्यात अस्पृश्यतेच्या कारणाने प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला. त्यानंतर वर्षभरातच, १९५६ मध्ये, औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्याला अवघा मराठवाडा 'घाटी' म्हणून ओळखतो, ते हेच रुग्णालय. म्हणजे ठरावात मागितलेले दार कायद्याने उघडले आणि त्या दारामागे दवाखानाही उभा राहिला. लढा संपला असे वाटावे, अशी ही घटना होती.

परंतु दार उघडणे आणि आत औषध असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भोर समितीने १९४६ सालीच आरोग्यव्यवस्थेचा पाया गावपातळीवरील प्राथमिक केंद्रांत पाहिला होता. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तिचे सूत्र होते. प्रत्यक्षात पाया कच्चा राहिला आणि भार शिखरावर आला. मराठवाड्यात दुसरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईला निघायला सत्तरचे दशक उजाडले, आणि नांदेडला १९८८ साल. गावच्या केंद्रात डॉक्टर नाही, तालुक्याला भूलतज्ज्ञ नाही, म्हणून अडलेली बाळंतीण शेवटी घाटीतच येते. घाटीच्या मंजूर खाटा ११७७. त्या भरल्या की जमिनीवर गादी टाकली जाते. रुग्णाच्या नातेवाइकाच्या हाती 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी पडते आणि मोफत उपचारासाठी आलेला शेतमजूर औषधाच्या दुकानासमोर खिसा चाचपत उभा राहतो.

असे का झाले, याचे उत्तर केवळ निधीच्या तुटवड्यात नाही. ज्यांच्या शब्दाला सत्तेत वजन आहे ते मंत्री, अधिकारी, बागायतदार, व्यापारी आणि सुशिक्षित मध्यमवर्ग गेल्या चार दशकांत शासकीय रुग्णालय सोडून खासगीकडे गेले. मागे राहिले ते दलित, आदिवासी, भटके, गरीब मुसलमान, ऊसतोड मजूर. गावचा पाणवठा सवर्णांनी सोडला आणि मग त्याची डागडुजी थांबली, तसा हा प्रकार आहे. आपल्याला कोणी अडवत नाही, कारण अडवणारेच तेथे नाहीत. पूर्वी गावकुसाबाहेर वस्ती होती. आता सार्वजनिक रुग्णालयच गावकुसाबाहेर गेले आहे.

ऑक्टोबर १९२३ नव्हे, ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाला या मृत्यूंची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या वेळी एका खासदाराने रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांनाच शौचालय साफ करायला लावले. पुढे त्याच्यावर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. शौचालय घाण का आहे, सफाईची किती पदे रिकामी आहेत, हे विचारण्याऐवजी एका माणसाच्या हाती झाडू देऊन त्याला हिणवणे, यात जुनी मनोवृत्तीच बोलत होती. झाडू हे शिक्षेचे साधन वाटते, कारण तो कोणाच्या हाती असावा हे या समाजाने फार पूर्वी ठरवून टाकले आहे.

यावर विमा योजनेचे उत्तर दिले जाते. महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेने अनेकांच्या शस्त्रक्रिया झाल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती योजना रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. रोजची रक्तदाबाची गोळी, पोराचा ताप, बाईचा पांडुरोग तिच्या कक्षेत येत नाही. शिवाय सरकारी पैसा खासगी रुग्णालयांकडे वळत राहिला, तर घाटीचा वॉर्ड कशाच्या बळावर सुधारणार?

म्हणून सुधारणांची मागणी नेमकी असली पाहिजे. पहिली, डॉक्टरांपासून सफाई कामगारांपर्यंत मंजूर पदे कायमस्वरूपी भरावीत. कंत्राटी भरतीत आरक्षण गळून पडते. रुग्ण म्हणून आपली उपेक्षा होते आणि कर्मचारी म्हणून आपली जागा जाते, असा हा दुहेरी घाव आहे. दुसरी, औषधखरेदी. तामिळनाडूने १९९४ साली त्यासाठी स्वतंत्र महामंडळ काढले आणि प्रत्येक रुग्णालयाला आपल्या हिश्श्याचे पासबुक दिले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये खरेदी हाफकिनकडे सोपविली आणि २०२३ मध्ये वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा केला. यंत्रणा बदलून भागत नाही; साठा किती आहे हे लोकांना दिसेल असे फलकावर लिहिले गेले पाहिजे. तिसरी, प्राथमिक केंद्र जिल्हा परिषदेकडे आणि घाटी वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, ही फाटाफूट मिटवून रुग्ण एका पायरीवरून दुसरीवर कोणाच्या जबाबदारीने जातो हे निश्चित व्हावे.

चौथी मागणी हक्काची. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने न्यायालयातून थेट बजावता येत नाही. १९९६ साली पश्चिम बंगाल खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शासकीय रुग्णालयाने तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. महाराष्ट्रात त्यासाठी आवाज उठविणे हे आपले काम आहे. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाची बाजू मांडताना बाबासाहेबांनी दयेची नव्हे, हक्काची भाषा वापरली होती.

महाडला आपले लोक केवळ तहान भागवायला गेले नव्हते. पाणवठा सर्वांचा आहे हे सिद्ध करायला गेले होते. दवाखान्याच्या दारातून आत जाण्याचा हक्क आपल्याला मिळून बराच काळ लोटला. आता कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारले पाहिजे : डॉक्टर आहे का, औषध आहे का, नसेल तर का नाही? बोले यांच्या ठरावातील अखेरच्या शब्दाची अंमलबजावणी तेथूनच सुरू होईल.