हिरवळ दिसली म्हणून

इथे एनिसमध्ये माझा एक सहकारी सुट्टीच्या दिवशी छोटं विमान चालवायला शिकतोय. परवा जेवताना त्याने मला एक धडा समजावून सांगितला: इंजिन बंद पडलं तर उतरायचं कुठे? अशी विमानं हजार फुटांवरून इंजिनाशिवाय साधारण अडीच किलोमीटर तरंगत जातात. तेवढ्या टप्प्यात जागा निवडायची. वारा, लांबी, उतार, आजूबाजूची झाडं आणि जमीन कशी आहे ते बघायचं. यातली शेवटची गोष्ट वरून सर्वात जास्त फसवते.

कशी, ते बघायला मी गाडी काढून क्लिफडेनला गेलो. गॉलवेमार्गे सुमारे दीडशे किलोमीटर.

१४ जून १९१९ रोजी जॉन अल्कॉक आणि आर्थर ब्राऊन न्यूफाउंडलंडहून निघाले. कुठेही न थांबता अटलांटिक पार करणारं ते पहिलं विमानोड्डाण. विमान छोटं नव्हतं. व्हिकर्स व्हिमी, दोन इंजिनांचं, मुळात बॉम्ब टाकण्यासाठी बनवलेलं. सोळा तास ढग, धुकं आणि थंडीत काढल्यावर आयर्लंडचा किनारा दिसला. इंजिनं चालू होती, इंधनही शिल्लक होतं. पण पुढचे डोंगर ढगात होते, म्हणून त्यांनी तिथेच उतरायचं ठरवलं. विचार अगदी योग्य! मार्कोनीच्या बिनतारी केंद्राजवळ त्यांना छान सपाट हिरवं कुरण दिसलं. खालची माणसं हात हलवत होती. यांनाही वाटलं, स्वागत चाललंय. असं सांगतात की ती माणसं 'इथे उतरू नका' म्हणत होती.

ते कुरण नव्हतंच. ते होतं डेरीगिमलाचं बॉग, म्हणजे हजारो वर्षं कुजत साचलेल्या वनस्पतींचा पाण्याने भिजलेला थर. इथले लोक तो कापून, वाळवून आपल्या गोवऱ्यांसारखा चुलीत जाळत. चाकं रुतली, विमानाचं नाक चिखलात गेलं, शेपूट वर. दोघंही सुखरूप बाहेर आले, हे नशीब.

मी रस्ता सोडून चार पावलं आत गेलो आणि बूट घोट्यापर्यंत आत गेला. वरून मलाही ते कुरणच वाटलं असतं.

पण कोकणात जुलैमधलं भाताचं खाचर मी ओळखलं असतं. १९३२ मध्ये टाटांची टपालविमानं सुरू झाली, तेव्हा जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलाचं होई आणि विमानं पुण्याला न्यावी लागत. तिथल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. क्लिफडेनमध्ये बॉग कापणाऱ्या म्हाताऱ्यालाही लागलं नसतं.

अल्कॉकची नजर उत्तम होती, पण ती दुसऱ्या मुलखात तयार झालेली. परक्या देशात राहताना मला हे वारंवार आठवतं. एखादी जागा सपाट, हिरवी, सोपी दिसली, की मी आधी बघतो, खालची माणसं हात का हलवताहेत.