पुलांच्या आधीची वाशी

वाशी गावच्या खाडीकाठी उभे राहा आणि तोंड मुंबईकडे करा. समोर पाण्यावरून पलीकडे गेलेले पूल आहेत. ते एकेक करून काढून टाका. सर्वांत नवा, २०२४-२५ मध्ये वाहतुकीला खुला झालेला तिसरा खाडीपूल आधी जातो. मग नव्वदच्या दशकातला दुसरा. ९ मे १९९२ रोजी ज्यावरून लोकल मानखुर्दहून वाशीला पोहोचली, तो रेल्वेपूलही गेला. चिखलात चरणारे रोहित पक्षी गेले, कारण त्यांचे थवे इथे येऊ लागले तेही नव्वदच्याच दशकात. शेवटी १९७३ चा पहिला पूल. आता मुंबई आणि तुम्ही यांच्यामध्ये नुसती खाडी आहे. पलीकडे जायचे तर होडी, नाहीतर ठाण्यावरून लांबचा वळसा.

साल १९६० धरा. मागे वळून पाहा. सेक्टर नाहीत, बाजार समिती नाही. पारसिकचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत एका नजरेत दिसतो. डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये भातखाचरे, मिठागरे आणि मातीचे लांबच लांब बांध. त्या बांधावरूनच चालू लागा.

डाव्या हाताला खारे पाणी, उजव्या हाताला गोड्या पाण्यावरचे भात. मधली ही मातीची भिंत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हाताने घातली आणि राखली. बांधात जागोजाग उघाडी आहे. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने तिची झडप मिटते, ओहोटी लागली की शेतातले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. ना यंत्र, ना वीज. मात्र उधाणात बांधाला खांड पडली तर सगळ्या गावाने धावायचे, कारण एकदा खारे पाणी आत शिरले की जमीन पुढची काही वर्षे पिकत नाही. १९४८ मध्ये खार जमिनींसाठी सरकारने कायदा केला. पण रात्री-अपरात्री चिखलात उतरायचे ते गावकऱ्यांनीच. अशा जमिनीत तग धरणारी राता भाताची वाणे इथल्या आगरी शेतकऱ्यांनी सांभाळली. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने त्यांतल्या काळा राता आणि भुरा राता यांवर काम केले.

गाव लागला. उंच जोत्याचे एक घर दिसते, त्याच्या ओटीवर या. भिंती कुडाच्या: डोंगरातली कारवी उभी बांधून तिला माती-शेणाचा लेप. वर कौले. पावसाच्या बाजूला झाप बांधायची जागा. आतून एक म्हातारी बघते आणि कोण, कुठले हे विचारण्याआधी म्हणते, "ये, बस. पयले पानी पी."

माजघरात डोळे अंधाराला सरावले की कणगी दिसते, शेणाने सारवलेली, भाताने भरलेली. पलीकडे जाते, उखळ, मुसळ. वर टांगलेला पाग, मासे धरायचे फेकजाळे. चुलीवर लालसर तांदळाची भाकरी फुगते आहे आणि सुकटीचा वास घरभर आहे. शेजारी लग्न आहे. धवलारीण आलेली आहे, तिच्या गाण्याशिवाय इथे लग्न लागत नाही. या बाईला सगळे विधी तोंडपाठ असतात, आणि लिहून ठेवलेले काही नसते. माझ्या मते या गावातले सर्वांत मोलाचे दप्तर म्हणजे तिची स्मरणशक्ती.

आता पुढे चला. १९६५ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडतात. ते शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवण्यासाठी मार्च १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन होते. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी जातात. गावठाण राहते, खाचर, मिठागर आणि बांध जातात. घर उरले आणि घराचे पोट गेले. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा पेटला. जासई परिसरात १६ आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. पुढे मिळालेली साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना या रक्तातून आली आहे.

वाढत्या कुटुंबांना पसरायला जागा उरली नाही, म्हणून त्याच जोत्यांवर मजले चढले. गावठाणातल्या अरुंद गल्ल्यांना नावे ठेवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

जुने गाव राहते ठेवून जपताही येते. दक्षिण कोरियातले हाहोए हे गाव २०१० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. तिथे कौलारू आणि गवती छपरांच्या घरांत माणसे अजून नांदतात. आपल्या खाडीकाठी तशी अखंड आळी आता मिळणे कठीण. नवी मुंबईच्या विमानतळासाठी तर उलवे, कोंबडभुजे यांसारखी दहा गावे उठली. पण हे सगळे जपणारी एक खोली अजून होऊ शकते, आणि ती गावठाणातच हवी. तिच्यात उघाडीची झडप हवी, कणगी आणि पाग हवा, पुलांआधीचे सातबारे हवेत, जुन्या बांधांचा नकाशा भिंतभर हवा, आणि धवलारणींचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवलेला हवा. या कामाची सुरुवात त्या आवाजापासून करावी, आणि याच लग्नसराईत करावी.