अर्धवट राहिलेला डाव : टेनिसच्या भाकिताची गोष्ट

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने टेनिसच्या सट्ट्यावर बोलायला उभं राहावं, याचं काहींना नवल वाटत असेल. पण ज्याला आपण आज संभाव्यताशास्त्र म्हणतो, ते ग्रंथालयात बसून जन्माला आलेलं नाही. ते जुगाराच्या बैठकीत जन्माला आलं, आणि त्या जन्मात चेंडूच्या खेळाचा मोठा वाटा आहे. तेव्हा आज आपण एकच प्रश्न धरू. दोन खेळाडूंपैकी कोण जिंकणार हे आधी सांगता येतं का? आणि 'सांगता येतं' म्हणजे नेमकं काय येतं?

सुरुवात इटलीपासून. १४९४ साली लुका पाचोली या गणितज्ञ भिक्षूने व्हेनिसमध्ये एक जाडजूड ग्रंथ छापला. जमाखर्चाच्या दुहेरी नोंदपद्धतीसाठी वाणिज्यवाले त्याचं नाव घेतात. त्याच ग्रंथात एक कोडं आहे. चेंडूचा खेळ चालला आहे, साठ गुण करील तो जिंकेल, दर खेपेला दहा गुण. पैज दहा दुकातांची. मधेच काही कारणाने खेळ मोडला. एका बाजूचे पन्नास झालेत, दुसरीचे वीस. आता पैसे वाटायचे कसे?

पाचोली म्हणाला, पाचास दोन. गुण ज्या प्रमाणात, पैसे त्या प्रमाणात. वरवर पाहता किती न्याय्य वाटतं! पण विचार करा, पन्नासवाल्याला जिंकायला एकच खेप हवी, वीसवाल्याला ओळीने चार. पुढच्या शतकात कार्दानो आणि तार्तालिया या दोघांनी पाचोलीवर आक्षेप घेतले, पण समाधानकारक उत्तर त्यांनाही सापडलं नाही. ते सापडायला १६५४ साल उजाडावं लागलं. पास्कल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार तो हाच. दोघं बरोबरीचे खेळाडू मानले, तर मागे पडलेला ओळीने चार खेपा जिंकण्याची शक्यता सोळात एक. म्हणून वाटणी पंधरास एक. पाचास दोन कुठे आणि पंधरास एक कुठे!

इथे विचाराची दिशाच फिरली, हे लक्षात घ्या. पाचोली झालेल्या खेळाचा हिशेब करत होता, पास्कलने न झालेल्या खेळाचा केला. जे अजून घडलेलंच नाही, त्याची मोजणी. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात केवढं धाडस आहे ते जाणवायला हवं.

पण 'बरोबरीचे खेळाडू' हे गृहीतक आलं कुठून? फाशाच्या सहा बाजू सारख्या असतात, माणसं तशी नसतात. ही अडचण याकोब बर्नुलीने हातात घेतली. त्याचा 'आर्स कंजेक्टांडी' हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७१३ साली बाहेर आला. ग्रंथ लॅटिनमध्ये, पण त्याला एक फ्रेंच पुरवणी जोडलेली आहे : एका मित्राला लिहिलेलं पत्र, विषय 'जे द पोम'. आजच्या टेनिसचा हा पूर्वज. छपराखाली, भिंतींच्या आत खेळला जाई, गुण पंधरा-तीस असेच मोजत, आणि पैजा तर लागतच.

बर्नुलीचं म्हणणं असं की फाशाच्या बाबतीत आपण आधीच सांगू शकतो, पण कौशल्याच्या खेळात पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. शेकडो गुण पाहा, कुणी किती जिंकले ते टिपा, आणि त्या प्रमाणावरून पुढचं ठरवा. आपल्याकडे वनपर्वात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पानं-फळं धावत्या रथातून सांगतो आणि नळ झाड तोडून मोजून पाहतो, तो प्रसंग आठवेल. त्याच ऋतुपर्णाने नळाला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या दिली. नमुन्यावरून अंदाज आणि द्यूत, ही जोडी त्या कथेत एकत्र आहे. इयन हॅकिंग या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या उगमावरच्या १९७५ च्या पुस्तकात या कथेची दखल घेतली आहे. असो. बर्नुलीकडे परत येऊ.

त्याने दाखवलेली गंमत आजही प्रत्येक भाकितकाराच्या कामाची आहे. समजा, एक खेळाडू दर तीन गुणांपैकी दोन जिंकतो. मग तो गेम जिंकण्याची शक्यता किती? दोन तृतीयांश नव्हे, तर सुमारे ८६ टक्के. हेच गणित आजच्या टेनिसला लावून बघा. दोघांत फरक अगदी थोडा आहे, एक जण शंभरातले ५५ गुण जिंकतो, सर्व्हिस कुणाचीही असो. त्याची गेम जिंकण्याची शक्यता होते ६२ टक्के. सेटची जवळजवळ ८१. तीन सेटच्या सामन्याची ९१, पाच सेटच्या सामन्याची ९५. टेनिसची गुणपद्धती म्हणजे भिंगच म्हणा ना, बारीकसा फरक मोठा करून दाखवणारं. २०२४ साली डार्टमथ विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात रॉजर फेडररने मुलांना हेच सांगितलं : कारकिर्दीतले १५२६ एकेरी सामने, त्यातले जवळपास ८० टक्के जिंकले, पण गुण जिंकले फक्त ५४ टक्के. श्रोत्यांना ती नम्रता वाटली असेल. बर्नुलीला ते गणित वाटलं असतं.

अर्थात भिंग कधी उलटंही दाखवतं. २०१९ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात फेडररने २१८ गुण जिंकले, जोकोविचने २०४. चषक जोकोविचचा! पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५ अशा स्थितीत फेडररकडे विजेतेपदाचे दोन गुण होते. कुठला गुण केव्हा मिळतो याला टेनिसमध्ये फार किंमत आहे.

आता या सगळ्या गणितामागे एक मूक गृहीतक आहे. प्रत्येक गुण मागच्या गुणापासून स्वतंत्र. पण 'आता त्याची लय लागली', 'दडपणाखाली कच खाल्ली', असं समालोचक म्हणतात त्याचं काय? क्लासेन आणि मॅग्नस या डच संशोधकांनी विम्बल्डनमधल्या सुमारे ९० हजार गुणांची छाननी करून २००१ साली निष्कर्ष मांडला. गुण पूर्णपणे स्वतंत्र नसतात. आधीचा गुण जिंकला तर पुढचा जिंकण्याची शक्यता किंचित वाढते, आणि महत्त्वाच्या गुणाला सर्व्हिस करणाऱ्याची बाजू किंचित ढासळते. पण हा फरक इतका लहान की स्वातंत्र्याचं गृहीतक कामापुरतं चालून जातं. म्हणजे समालोचक अगदीच खोटं बोलत नाहीत, फक्त बोलतात फार.

विसाव्या शतकात मोजणी सोपी झाली. ऑगस्ट १९७३ मध्ये पुरुषांची संगणकीय क्रमवारी आली, पहिला अव्वल खेळाडू इली नस्तासे. पण क्रमवारी हे भाकीत नव्हे. ती स्पर्धेत कुणाला प्रवेश द्यायचा हे ठरवण्यासाठी होती, वर्षभराची कमाई सांगणारी. कुणाला हरवून मिळवली ते सांगत नाही. भाकितासाठी बुद्धिबळाकडून उसनवारी करावी लागली. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी प्राध्यापकाची मानांकनपद्धती जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारली. तिच्यात बलाढ्याला हरवलं तर जास्त गुण, दुबळ्याला हरवलं तर थोडे. दोघांत १०० गुणांचा फरक असेल तर वरच्याची शक्यता ६४ टक्के, २०० चा असेल तर ७६. टेनिसवाले त्यात माती, गवत, हार्ड कोर्ट यांचे वेगळे हिशेब ठेवतात, आणि ते बरोबरच आहे.

मग सर्वांत चांगलं भाकीत कोण करतं? स्टेफनी कोवालचिक यांनी २०१६ साली अकरा पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. पहिली आली ती बुकींच्या भावांवरून काढलेली सरासरी. तिच्या जवळपास पोचली ती एकटी एलोची पद्धत. प्राध्यापकांची इतर प्रतिमानं मागे. आम्हां प्राध्यापकांना हे थोडं झोंबतं, पण नाकारता येत नाही.

नुसतं बरोबर सांगून पैसे मिळत नाहीत, हेही इथेच सांगून टाकू. बुकी एकाला १.५० चा भाव देतो, दुसऱ्याला २.५० चा. त्यांतून निघणाऱ्या शक्यता ६६.७ आणि ४०. बेरीज १०६.७! वरचे ते पावणेसात टक्के दुकानदाराचे. तुम्ही दहांपैकी सात निकाल अचूक सांगितलेत आणि भाव १.४० चा असेल, तर शंभर रुपये लावून अठ्ठ्याण्णव परत. इतकं ज्ञान आणि खिसा हलका.

पण बुकी श्रेष्ठ का ठरला? फ्रँक रॅम्झी या केंब्रिजच्या तरुण तत्त्वज्ञाने १९२६ साली एक विचार मांडला होता. माणसाचा विश्वास किती पक्का आहे हे मोजायचं, तर तो कोणत्या भावाने पैज घ्यायला तयार आहे ते पाहावं. उलट रिचर्ड फॉन मिझेससारख्यांचं म्हणणं, एकदाच होणाऱ्या घटनेला संभाव्यता लावणं निरर्थकच. उद्याचा सामना तर एकदाच होणार. त्यामुळे बाजारातला भाव ही रॅम्झीच्या अर्थाची संभाव्यता आहे : हजारो लोकांचा विश्वास, पैशाने तोललेला. ज्याला दुखापतीची बातमी कळली, त्याचं ज्ञानही त्यात उतरतं.

आणि अडचण तिथेच सुरू होते. २ ऑगस्ट २००७, पोलंडमधलं सोपोट. जगातला चौथा खेळाडू दाविदेन्को विरुद्ध ८७ वा वासालो आर्गुएयो. दाविदेन्कोने पहिला सेट जिंकला, तरी पैसा प्रतिस्पर्ध्यावरच लागत राहिला. तिसऱ्या सेटमध्ये पायाच्या दुखापतीने त्याने सामना सोडला. बेटफेअर या कंपनीने त्या सामन्यावरच्या सगळ्या पैजा रद्द केल्या. वर्षभर चौकशी झाली, दोन्ही खेळाडूंविरुद्ध पुरावा मिळाला नाही, ते निर्दोष ठरले. हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. मात्र २००८ मध्ये टेनिसने सचोटीसाठी स्वतंत्र पथक नेमलं.

त्यानंतरचा प्रकार जास्त गंभीर. मोबाइलवरून गुणागणिक पैजा लागू लागल्या. प्रेक्षागृहात बसून, अधिकृत आकडा पोचण्याआधीच खिशातल्या यंत्राने निकाल कळवणारी माणसं नेमली गेली. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने अगदी खालच्या स्पर्धांचे थेट आकडे एका कंपनीला विकले. मग जिथे प्रेक्षक दहा-वीस, बक्षीस तुटपुंजं, अशा सामन्यांवरही जगभरातून पैसा लागू लागला. २०१८ च्या स्वतंत्र चौकशी अहवालात म्हटलंय की पंधरा हजारांच्या आसपास खेळाडू व्यावसायिक म्हणवतात, पण खर्च भागेल एवढं कमावतात जेमतेम अडीचशे ते साडेतीनशे. तीन हजारांहून जास्त खेळाडूंना विचारलं, त्यांतल्या १४.५ टक्क्यांनी सांगितलं की निकाल ठरवून खेळण्याची माहिती आपल्याला प्रत्यक्ष आहे.

हे नीट समजून घ्या. पास्कलपासून एलोपर्यंत प्रत्येकाने एक गोष्ट न बोलता धरली होती : समोरचे दोघंही जिंकायला खेळताहेत. बाजार पाहणारा होता, खेळाबाहेरचा होता. खालच्या फळीतल्या खेळाडूला सामना जिंकून मिळतं त्याहून जास्त जर एक गेम सोडून मिळत असेल, तर बर्नुली ज्या प्रमाणावर विसंबला तेच विकाऊ होतं. मग तुमचं प्रतिमान कितीही सूक्ष्म असो, ते मोजतंय काय? त्या खेळाडूला दोष देणं सोपं आहे. आम्हांला मात्र आकडे विकणारे जास्त जबाबदार वाटतात, कारण त्यांना कुणी उपाशी ठेवलेलं नव्हतं. अहवालानेही सर्वांत खालच्या स्पर्धांचे आकडे विकणं थांबवावं, अशी शिफारस केली.

आपल्याकडे मुंबई प्रांताचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला. न्यायालयं इतकी वर्षं ज्या भेदावर खल करत आली, तो कायद्याने एका फटक्यात ओलांडला. तो ओलांडायला हवा होता का, यावर इथे बसलेल्या वकीलमंडळींचं मत ऐकायला आवडेल. आता प्रश्न घेऊ.