बेवारस माल

गेल्या उन्हाळ्यात मेहकर तालुक्यातील एका खेड्यात आमच्या आप्तांच्या जुन्या वाड्यातील कोठी विकली गेली, त्या वेळी आम्ही तेथे हजर होतो. कोठी म्हणजे माजघरामागची, खिडकी नसलेली, तीस वर्षे कुलूप असलेली एक खोली. वारस चौघे, कोणी पुण्यास, कोणी मुंबईस, एक समुद्रापार. वाटणीचा तंटा मिटेपर्यंत कुलपास हात लावावयाचा नाही असे ठरले होते, आणि तंटा मिटला तेव्हा आतील वस्तूंची कोणासच गरज उरली नव्हती. खामगावचा एक व्यापारी आला. त्याने दारातूनच विजेरीचा उजेड आत फिरविला, उंबऱ्याच्या आत पाऊलही टाकले नाही, आणि सबंध खोलीची एक रक्कम सांगितली. यासच आपल्याकडे उक्ते घेणे म्हणतात. हजर होते त्यांनी मान डोलावली व घटकाभरात टेम्पो भरू लागला.

मालात तांब्याचे एक मोठे घंगाळ निघाले. त्याच्या काठावर बारीक ठोक्यांनी देणाराचे नाव, गाव व शक घातलेला होता. व्यापाऱ्याने त्या अक्षरांवरून अंगठा फिरविला आणि गड्यास सांगितले, "हे आधी घासून काढ. दुसऱ्याच्या नावाचं भांडं गिऱ्हाईक घेत नाही." त्याचे म्हणणे व्यवहारास धरूनच होते, पण त्या दिवसापासून ‘बेवारस’ हा शब्द आमच्या मनातून जाईना.

या शब्दाचा मूळ अर्थ ज्यास वारस नाही असा. रूढीने तो धनी न आलेल्या मालास लागला. अमेरिकेत सामान ठेवण्याच्या कोठड्या भाड्याने मिळतात. भाडे थकले म्हणजे कोठडीचा लिलाव होतो, आणि तेथेही गिऱ्हाइकाने दारातून पाहूनच बोली बोलावयाची असते. आमच्या खामगावास १८७० साली आगगाडीचा फाटा आला, आणि त्याबरोबर रेल्वेच्या वखारीत पडून राहणारा मालही आला. अशा मालासाठी १८९० च्या रेल्वे कायद्यात कलमे होती. मालावरील आकार थकला तर माल लिलावात काढावा, आपले येणे व खर्च वळते करून घ्यावे, आणि शिल्लक उरेल ती ज्याची त्यास द्यावी, असा त्यांचा आशय होता. (लिलाव हा शब्दही आपला नव्हे, तो पोर्तुगीजांकडून आला आणि इतका मुरला की आता त्यास कोणी परका म्हणणार नाही.) या कलमांत मालाचा धनी कोठे तरी आहे, हे गृहीत धरलेले आहे. ज्या विक्रीत हे गृहीतच पुसून टाकले जाते, तिचे उदाहरण मात्र आपणांस फार दूर शोधावयास नको.

आपला हा मुलूख १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला, आणि १८५३ त निजामाने सगळे वऱ्हाडच कंपनीच्या फौजेचा खर्च व कर्ज यांपायी इंग्रजांकडे लावून दिले. म्हणजे आम्ही स्वतःच एक तारण होतो. त्याच वर्षी, ११ डिसेंबर रोजी, नागपूरचे तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसी याने वारस नाही असा निर्णय दिला व १८५४ त राज्य खालसा झाले. त्या वेळी वाड्यात मृत राजाच्या राण्या होत्या, आणि दुसऱ्या रघूजींच्या पत्नी, ऐंशीच्या घरातील बाकाबाई, हयात होत्या. कुलूप लावून कोणी निघून गेले नव्हते. माणसे आत नांदत असता कोठी बेवारस ठरली.

राज्य गेले याचे वर्णन इतिहासकार पुष्कळ करतात. कोठी गेली याचे थोडे. मराठ्यांच्या कारभारात अठरा कारखाने मोजीत. त्यांत फीलखाना, शिलेखाना, फरासखाना, जवाहीरखाना असे एकेक खाते असून प्रत्येकावर कारकून, त्याची वही, आणि वहीत प्रत्येक जिन्नस कोठून आला व कोणास दिला याची नोंद. एखादा शिरपेच हे केवळ हिरे व सोने नसे. तो अमक्याच्या लग्नात आलेला, तमक्या स्वारीनंतर मिळालेला, असा असे. लिलावाच्या ओट्यावर ही वही येत नाही. तेथे फक्त जिन्नस येतो.

प्रथम जनावरे विकली गेली. जॉन विल्यम के या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की हत्ती, उंट, घोडे व बैल मिळून पाचसहाशे जनावरे अवघ्या तेराशे पौंडांस, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने सुमारे तेरा हजार रुपयांस, गेली. गाडीची एक बैलजोडी पाच रुपयांस गेल्याची तक्रार राण्यांनी सरकारकडे केली. एवढ्या स्वस्त दरात हत्ती घेऊन ज्यांनी पुढे विकले, त्यांच्या नफ्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मग वाड्यातील सामान हलविण्याची वेळ आली. तेव्हा बाकाबाईंनी, सामानास हात लावाल तर वाड्यास आग लावीन, असे बजाविले. ही बाई अविचारी नव्हती. तिचा शहाणपणा व संयम केनेच वाखाणला आहे. तरीही सामान गेले, आणि थोडे वगळून जडजवाहीर कलकत्त्यास रवाना झाले. १८५५ त तेथील हॅमिल्टन या जवाहिऱ्यांच्या पेढीने ते जाहीर विक्रीस काढले.

विक्रीच्या पैशातून ‘भोसला फंड’ उभारून कुटुंबाच्या नेमणुकांची सोय करण्यात आली, हे सांगावयास हवे. पैसा साहेबांच्या खिशात गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु आपलेच दागिने विकून आपल्यासच नेमणूक मिळावी, यात उपकार कोणता, हे आम्हांस उमगत नाही. के तर म्हणतो की राज्य घेतल्याने लोकांचे मन जितके दुखावले, त्याहून अधिक ते या विक्रीने दुखावले, असे त्याच्या कानी आले होते. आम्हांस हे पटते. राज्य ही वस्तू सामान्य माणसाच्या घरात नसते. पण सासूची नथ दुसऱ्याच्या तराजूत पडणे म्हणजे काय, हे घरोघर कळते.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. १८५७ च्या धामधुमीत बाकाबाईंनी इंग्रजांविरुद्ध हात उचलला नाही. त्यानंतर सरकारने घराण्याचे दत्तक जानोजी यांस मान्यता देऊन ‘देऊरचे राजेबहादूर’ ही पदवी दिली. म्हणजे वारस सापडला. पण तो सापडेपर्यंत कोठी रिकामी झाली होती.

जिनसा मात्र हिंडत राहतात. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीच्या लिलावात पहिल्या रघूजींची म्हणून एक तलवार निघाली. पाते युरोपी, एकधारी. त्यावर देवनागरीत सोन्याने रघूजींचे नाव व ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब जडविलेला. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांस मिळविली आणि ऑगस्टात ती मुंबईस आली. पाते चांगले म्हणून ही किंमत आली असे कोणी समजू नये. तशी युरोपी पाती मराठ्यांकडे पुष्कळ होती. ही तलवार ओळखू आली ती पाठीवरच्या अक्षरांमुळे. इतकी वर्षे ती ज्यांच्या हातांतून गेली, त्यांपैकी कोणीही ती अक्षरे घासून काढली नाहीत, हे त्यांचे आपल्यावर ऋणच म्हणावयाचे.

आमच्या आप्तांच्या कोठीतून निघालेल्या मालात, वाळवीने अर्धी खाल्लेली, लाल कापडाच्या वेष्टणातील एक वही होती. कागदास तराजूत वजन नाही, म्हणून व्यापाऱ्याने ती आम्हांस फुकट दिली. तीत भांड्यांची यादी आहे. घंगाळाचीही नोंद आहे. वजन नऊ शेर, आणि पुढे कोणाच्या मुंजीत कोणी दिले ते. आम्ही पंधरा दिवसांनी खामगावास जाऊन विचारले. व्यापारी आदराने बोलला, चहा दिला, आणि म्हणाला की ते त्याच आठवड्यात पुण्याकडच्या एका हॉटेलवाल्याने नेले. पाण्यात फुले सोडून दारात ठेवावयास त्यास तसेच हवे होते.