बालोद्यान आणि अंगण

मुलाला शाळेंत घालावयाची वेळ आली कीं घरांतील वडील मंडळी पाटी, पेन्सिल आणि दप्तर आणतात. खुरपें आणि झारी आणावी असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ज्या शिक्षकानें चिमुकल्या मुलांच्या शाळेला ‘किंडरगार्टन’ हें नांव दिलें, त्याच्या दृष्टीनें मात्र खुरपें व झारी हीं शिक्षणाचींच साधनें होतीं. या जर्मन शब्दाचा अर्थच मुळीं ‘मुलांची बाग’ असा आहे. हें नांव पुढें जगभर गेलें; बाग मात्र पुष्कळ ठिकाणीं मागेंच राहिली. ती मुलांना परत मिळवून देण्याची खटपट ज्यांनीं केली, त्यांची हकीकत पाहिली म्हणजे बाहेरचा खेळ ही शिक्षणांतील सुटी नसून शिक्षणाचा पायाच आहे, हें ध्यानांत येतें.

फ्रीड्रिख फ्रोबेल यांचा जन्म १७८२ सालीं जर्मनींत झाला. वर्षाचे होण्यापूर्वींच त्यांची आई वारली. तारुण्यांत त्यांनीं एका वनाधिकाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारी केली, आणि पुढें बर्लिन येथें स्फटिकांच्या अभ्यासांत कांहीं वर्षें घालविलीं. झाड कसें वाढतें आणि स्फटिक कसा आकार घेतो, हें पाहिलेल्या या माणसाला मूलही आंतूनच वाढतें असें वाटूं लागलें, यांत नवल नाहीं. १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग या गांवीं त्यांनीं लहान मुलांसाठीं संस्था काढली, आणि १८४० सालीं तिला किंडरगार्टन हें नांव दिलें. तेथें चेंडू, घन, दंडगोल अशीं खेळणीं होतीं, तशीच बागही होती. तींत प्रत्येक मुलाचा स्वतःचा एक लहानसा वाफा असे, आणि सर्वांचे मिळून कांहीं सामाईक वाफे असत. एकांत आपल्या वस्तूची निगा शिकावयाची, दुसऱ्यांत सर्वांच्या वस्तूची जबाबदारी! पेरलेलें बी रोज उकरून पाहिलें तर तें उगवत नाहीं, हा धडा तोंडी सांगून कळणारा नव्हे; तो मातींत हात घालूनच कळतो.

सरकारला मात्र या बागेंत निराळेंच कांहीं उगवत असल्याचा संशय आला. १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें किंडरगार्टनवर बंदी घातली. नास्तिकपणा आणि समाजवाद हे आरोप होते. त्यांत फ्रोबेल यांच्या पुतण्याचीं मतें त्यांच्या माथीं मारण्याची गफलतही झाली होती. पुढच्याच वर्षीं फ्रोबेल वारले. १८६० सालीं बंदी उठली, ती पाहावयाला ते उरले नव्हते. शिष्यवर्गानें ही पद्धति देशोदेशीं नेली. परंतु शहरांतील भाड्याच्या खोल्यांत वाफे कोठून येणार? खेळणीं पेटींत भरून विकतां येत होतीं, बाग पेटींत भरतां येत नव्हती. अशा रीतीनें अनेक बालोद्यानें उद्यानावांचून चालूं लागलीं.

ही उणीव किती महाग पडते, हें लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तींत दिसून आलें. रेचल आणि मार्गारेट मॅकमिलन या दोघी बहिणींनीं तेथें १९१० सालीं शाळेंतील मुलांसाठीं दवाखाना चालविला. मुलें बरीं होऊन जात आणि थोड्याच दिवसांत तींच दुखणीं घेऊन परत येत; कारण ज्या कोंदट घरांत तीं जात, त्यांत हवा नव्हती आणि ऊनही नव्हतें. मुडदूस हा तर त्या काळच्या गरीब वस्त्यांतला नित्याचा रोग. हाडांना लागणारें ‘ड’ जीवनसत्त्व त्वचेवर ऊन पडल्यानें शरीरांत तयार होतें, हें शास्त्रानें पुढें सिद्ध केलें. या भगिनींना उन्हाचा गुण अनुभवानेंच पटला होता. १९११ सालीं त्यांनीं मुलांना रात्रीं मोकळ्या हवेंत निजविण्याची सोय केली, आणि १९१४ सालीं पांच वर्षांखालील मुलांसाठीं उघड्यावरची बालशाळा काढली. शाळेचा मुख्य भाग बागच. ऊन-पावसापासून बचाव व्हावा इतपत छपरें. त्या बागेंत दगड, माती आणि फुटक्या भांड्यांचा एक ढीगही मुद्दाम राखलेला होता. नीटनेटक्या माणसांना तो खुपावा असाच. पण मुलांची झुंबड त्याच्यावरच! कोणता दगड हलतो आणि कोणता पाय ठेवतांच निसटतो, याचा निवाडा तेथें मुलें स्वतः करीत. १९१७ सालीं रेचल वारल्या. मार्गारेट यांनीं १९३१ सालीं देह ठेवीपर्यंत हें काम सोडलें नाहीं.

हिंदुस्थानांत लहान मुलांच्या शिक्षणाचा नवा विचार रुजविणारांत भावनगरचे गिजुभाई बधेका हे अग्रणी. १९२० सालीं त्यांनीं तेथें बालमंदिर सुरू केलें, आणि १९२३ सालीं ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाईंनीं पुढें दादरला शिशुविहार उभारला. माँटेसरी पद्धतीची साधनें उत्तम खरीं, पण तीं महाग. खेड्यांतल्या मुलांच्या हातीं तीं पडणार केव्हां? १९४५ सालीं ताराबाईंनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. शिंपले, खडे, बिया, पानें यांनींच मोजणें, जुळविणें, लहानमोठें ओळखणें सुरू झालें.

परंतु शाळा काढली म्हणून मुलें येतातच असें नाहीं. हरिजन वस्तींतलीं मुलें येईनात. आईबाप मोलमजुरीला जात, थोरलीं भावंडें धाकट्यांना सांभाळीत, आणि गांवच्या भेदभावाची भिंत तर होतीच. तेव्हां शाळाच वस्तींत गेली. अंगण झाडावयाचें, मुलांना आंघोळ घालावयाची, आणि तेथेंच गाणीं, गोष्टी व खेळ चालावयाचे. हीच अंगणवाडी. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या मुलखांत गेलें. तेथलीं मुलें गुरें राखीत; म्हणून शिक्षक कुरणांत जाऊं लागले आणि कुरणशाळा निघाली. मुलाचें नित्याचें जग आणि त्याची शाळा यांच्यामधील भिंत या कार्यानें पाडली.

ताराबाई १९७३ सालीं वारल्या. त्यानंतर दोनच वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव लाभलें. आज तें नांव देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोंचलें आहे. तथापि ब्लांकेनबुर्गच्या बागेचें जें झालें, तें अंगणाचेंही होऊं शकतें. शहरांत अंगणाच्या जागीं मोटारी उभ्या राहतात, आणि कित्येक अंगणवाड्या एका खोलींत भरतात. अशा वेळीं अंगण म्हणजे केवढी जागा, हा प्रश्न गौण आहे. बोर्डीला मोठीं मैदानें आंखून शाळा निघाली नव्हती. झोपडीपुढची चार हात जमीन झाडून ती निघाली होती. गच्चीवरच्या चार कुंड्या, मातीचा एक ढीग, आणि मुलाच्या अंगाला माती लागली तर न रागावणारें एक वडील माणूस एवढें घरोघर मिळालें, तरी फ्रोबेल यांचा तो वाफा पुन्हां हिरवा होईल.