ड्रिल जिग (सुतारकाम)

ड्रिल जिग हे लाकडात ठरावीक जागी, ठरावीक अंतरावर व ठरावीक कोनात भोके पाडण्यासाठी वापरले जाणारे मार्गदर्शक साधन आहे. जिग लाकडावर टेकवून शिकंजाने घट्ट आवळतात आणि तिच्या छिद्रातून ड्रिलचे बिट आत सोडतात. त्यामुळे प्रत्येक भोकासाठी नव्याने आखणी करावी लागत नाही. मात्र जिगमधील चूक तिच्या साहाय्याने पाडलेल्या प्रत्येक भोकात उतरते. म्हणून जिग बनवताना प्रत्यक्ष कामापेक्षा अधिक अचूकता पाळणे आवश्यक ठरते.

उपयोग

खुंटीचे सांधे, बिजागऱ्या, मुठी आणि कपाटातील फळ्यांचे आधार यांसाठी जिग वापरतात. मॉड्युलर फर्निचरच्या ३२ मिमी पद्धतीत आधारांची भोके ५ मिमी व्यासाची असून त्यांच्या केंद्रांत ३२ मिमी अंतर असते. पुढील रांग सामान्यतः कडेपासून ३७ मिमीवर घेतात. दोन्ही बाजूंची भोके जुळली नाहीत तर फळी डगमगते. सनमायका लावलेल्या फळीत चुकलेले भोक बेमालूम बुजवता येत नाही.

रचना

जिगचे तीन मुख्य भाग असतात: मूळ पट्टी, लाकडाच्या कडेला टेकणारी आधारपट्टी आणि बिटाला दिशा देणारे बुश. बुश म्हणजे कठीण केलेल्या पोलादाची नळी. तिची लांबी भोकाच्या व्यासाच्या सुमारे दुप्पट असल्यास बिट तिरके जात नाही. बुशाचे खालचे तोंड लाकडाला भिडलेले असल्यास भोकाच्या कडेची साल कमी उडते. आरपार भोक पाडताना मागे टाकाऊ फळी लावतात.

अचूकता

सर्व भोकांची अंतरे एकाच कडेपासून मोजतात. एका भोकापासून पुढचे मोजत गेल्यास चूक साचत जाते: प्रत्येक अंतरात ०.१ मिमी फरक पडला, तर २० भोकांच्या रांगेत शेवटचे भोक १.९ मिमी सरकते.

खुंटीची जिग मध्यावर आहे की नाही हे पाहण्यासाठी ती फळीच्या एका बाजूस टेकवून कडेत भोक पाडतात व नंतर दुसऱ्या बाजूस टेकवून तपासतात. दोन स्थानांतील अंतर मूळ चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीक दोषही डोळ्यांना दिसतो.

साहित्य व हवामान

लाकूड दमट हवेत आडव्या दिशेने फुगते. तंतूंच्या दिशेने मात्र त्याची लांबी फारशी बदलत नाही. त्यामुळे सागवानाच्या जिगमध्ये भोकांची रांग तंतूंच्या दिशेने ठेवतात. एमडीएफ ओल शोषून फुगते. फेनॉलिक लॅमिनेट व ॲल्युमिनियम यांवर दमटपणाचा परिणाम नगण्य असतो. ॲक्रिलिक पारदर्शक असल्याने आखणीची रेघ दिसते. परंतु तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास १ मीटर लांबीची ॲक्रिलिक पट्टी सुमारे ०.७ मिमी, तर ॲल्युमिनियमची सुमारे ०.२३ मिमी वाढते.

पालघर जिल्ह्यासारख्या किनारपट्टीच्या भागात हा विचार विशेष महत्त्वाचा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे मुख्यालय पालघर शहरालगत कोळगाव येथे आहे. येथील पावसाळी दमटपणात उन्हाळ्यात बनवलेली लाकडी जिग जशीच्या तशी राहीलच असे नाही. पावसाळ्यात ती पुन्हा तपासून घ्यावी लागते. बोईसरजवळील तारापूर औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी लेथवर काम करणारे कारागीर असल्याने पोलादी बुश मापाबरहुकूम करवून घेणे सोयीचे पडते.

झीज व देखभाल

बुश नसलेल्या लाकडी जिगमधील छिद्र फिरत्या बिटाच्या घर्षणाने लवकर रुंद होते. बिट फिरू लागण्यापूर्वी बुशात घालणे, भुसा वारंवार काढणे आणि धार गेलेले बिट न वापरणे यांमुळे जिगचे आयुष्य वाढते. झिजलेला बुश बदलता येतो. आधारपट्टी झिजल्यास मात्र सर्वच अंतरे पुन्हा तपासावी लागतात. जिगवर बिटाचा व्यास, टेकण्याची कड व बनवल्याची तारीख कोरून ठेवल्यास ती चुकीच्या बाजूने लावली जाण्याचा संभव कमी होतो.